यशवंतपूर : बंगळूरची उत्तर वेस

शहराची खरेदीविक्री झाल्याची उदाहरणे इतिहासात विरळाच आढळतात. गावे इनाम दिली जातात, परगणे जहागिरीदाखल मिळतात, किल्ले तहात सोडावे लागतात. परंतु नांदते शहर रोख रकमेला दुसऱ्याच्या हवाली करणे हा प्रकार निराळा. बंगळूरच्या बाबतीत तो घडला, आणि त्या व्यवहाराची एक बाजू मराठ्यांची होती. १६३८ साली रणदुल्लाखानाच्या नेतृत्वाखाली विजापूरच्या फौजेने केंपेगौडाच्या वंशजाकडून बंगळूर घेतले. त्या मोहिमेत शहाजीराजे होते. पुढे हेच शहर त्यांच्या कर्नाटकातील जहागिरीचे मुख्य ठाणे झाले. १६६४ साली होदिगेरे येथे त्यांचा अंत झाल्यावर जहागीर व्यंकोजीराजांकडे आली. व्यंकोजींनी तंजावर हस्तगत केले तेव्हा त्यांचे लक्ष कावेरीकाठच्या सुपीक मुलुखाकडे वळले आणि दूरचे बंगळूर सांभाळणे त्यांना लाभाचे वाटेनासे झाले. म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरास ते तीन लाख रुपयांना देण्याचे ठरले. सौदा पुरा होण्यापूर्वीच, १६८७ च्या जुलै महिन्यात, औरंगजेबाचा सरदार कासीमखान याने शहर काबीज केले. पण त्यानेही ते स्वतःपाशी न ठेवता म्हैसूरच्याच स्वाधीन केले. रक्कम तीन लाखांचीच सांगितली जाते.

या तीन लाखांत नेमके काय विकले गेले, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. तट, बुरूज आणि महसुलाचा हक्क, एवढे तर खरेच. परंतु बंगळूरची खरी दौलत तटाच्या आत मांडलेल्या पेठांत होती. अक्कीपेटे म्हणजे तांदळाची पेठ, अरळेपेटे कापसाची, रागीपेटे नाचणीची, कुंबारपेटे कुंभारांची, गाणिगरपेटे तेल्यांची. कानडीतील ‘पेटे’ आणि पुण्याची ‘पेठ’ हे एकाच घराण्यातील शब्द आहेत, हे मराठी माणसाला सांगावयास नको. या पेठा कोणा राजाने ओतून घडविल्या नव्हत्या. वाटा आल्या म्हणून बैल आले, बैल आले म्हणून माल आला, आणि माल आला म्हणून माणसे वसली. सत्ताधीशाने विकला तो मालकी हक्क. वाटा आणि माणसे यांचे मोल त्या हिशेबात धरलेलेच नव्हते. एखाद्या प्रदेशाच्या संपत्तीचा इतिहास पाहताना हा भेद डोळ्यांपुढे ठेवावा लागतो. जागेची किंमत एकाच्या पदरी पडते आणि ती किंमत निर्माण करणारे कष्ट बहुधा दुसऱ्याचे असतात. हा भेद जेथे स्पष्ट दिसतो असे एक ठिकाण म्हणजे यशवंतपूर.

यशवंतपूर हे नाव मराठी कानाला घरचे वाटते. आज ते बंगळूर महानगराच्या पोटात आहे. पण जुन्या पेठेपासून ते सहासात किलोमीटर वायव्येस, तुमकूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. हाच रस्ता पुढे चित्रदुर्ग, हुबळी, बेळगाव, कोल्हापूर, सातारा असे करीत पुण्यास पोचतो. म्हणून यशवंतपुरास बंगळूरची उत्तर वेस म्हटले तर ते वावगे होणार नाही. वेशीवरच्या गावाचे भाग्य वाटेच्या भाग्याशी बांधलेले असते. वाट वाहती राहिली तर ते भरभराटते, वाट बंद पडली तर ओस पडते.

वाट बंद पडली म्हणजे काय होते, याची नोंद बंगळूरच्या इतिहासातच आहे. फ्रान्सिस बुकॅनन हा स्कॉटिश पाहणीदार १८०० साली म्हैसूर राज्यात हिंडला. हैदरअलीच्या काळी बंगळूरचा व्यापार मोठा होता आणि टिपूने अर्काट व हैदराबाद या शत्रुराज्यांशी होणारी देवघेव मना केल्यापासून शहराची उतरती कळा सुरू झाली, असे त्याने लिहून ठेवले आहे. टिपूचा हेतू शत्रूला जेरीस आणण्याचा होता. प्रत्यक्षात पेठेतला विणकर आणि बैलांच्या पाठीवर माल नेणारा व्यापारी जेरीस आला. राज्यकर्त्याच्या हुकमाने मालाची वाट अडली की तिचा भार सर्वांत आधी सर्वांत दुबळ्या खांद्यावर येतो, हा धडा तेव्हापासून शिकण्यासारखा होता. तो शिकला गेला नाही, हे पुढे दिसेलच.

यशवंतपुराच्या आधुनिक जीवनाचा आरंभ एका महान आपत्तीनंतर झाला. १८७६ ते १८७८ या वर्षांतील दुष्काळाने दख्खन आणि म्हैसूर दोन्ही होरपळले. म्हैसूर राज्याची लोकसंख्या १८७१ च्या खानेसुमारीत सुमारे ५० लाख होती. १८८१ मध्ये ती सुमारे ४२ लाखांवर आली. दहा वर्षांत वाढ व्हावयाची ती राहिली बाजूला, आठ लाखांहून अधिक माणसांची तूट पडली. धान्य कोठे नव्हतेच असे नाही. ते भुकेल्यापर्यंत नेण्याची साधने तुटपुंजी होती आणि घेण्यासाठी भुकेल्याच्या गाठी पैसा नव्हता. साधनांच्या उणिवेवर रेल्वेचा उपाय योजण्यात आला. बंगळूर-तुमकूर हा मीटर मापाचा लोहमार्ग १८८४ साली सुरू झाला. १८८६ मध्ये म्हैसूर राज्याच्या या मार्गाची व्यवस्था सदर्न मराठा रेल्वे कंपनीकडे आली. धारवाडास ठाणे असलेल्या या कंपनीच्या नावातच दक्षिण महाराष्ट्र होता. १८८९ मध्ये रूळ हरिहरास भिडले आणि १८९० च्या सुमारास पुण्यापासून बंगळूरपर्यंत मीटर मापाची अखंड वाट तयार झाली. लवकरच यशवंतपुराहून हिंदुपूरकडे दुसरा फाटा फुटला आणि वेशीवरचे खेडे जंक्शन झाले.

या लोहमार्गाने दुष्काळ कायमचे हटले नाहीत. गाडी धान्य आणते तसे नेतेही. तथापि यशवंतपुराच्या पुढील घडणीचा पाया मात्र तिने घातला. शहराच्या भावापेक्षा स्वस्त अशी मोकळी जमीन, दाराशी रेल्वे आणि हाकेच्या अंतरावर शहर, हा त्रिवेणी संगम उद्योगाला हवाच असतो. १८९८ साली बंगळुरात प्लेग आला. एक वर्ष आधी पुण्याने जे भोगले, ते बंगळूरच्या दाट पेठांनी भोगले. त्यानंतर मोकळ्या हवेची मल्लेश्वरम् ही नवी वस्ती उभी राहिली आणि शहर यशवंतपुराकडे सरकू लागले. त्याच दिशेला म्हैसूरच्या दरबाराने १९०७ साली ३७१ एकर जमीन जमशेदजी टाटांच्या कल्पनेतील विज्ञानसंस्थेसाठी दिली. १९०९ साली स्थापन झालेली इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स ती हीच. जुन्या बंगळूरकरांच्या तोंडी ती ‘टाटा इन्स्टिट्यूट’.

विज्ञानसंस्थेचा आणि पेठेचा काय संबंध, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर चंदनाच्या एका ओंडक्यात आहे. म्हैसूरच्या जंगलातला चंदन ही सरकारी मालकीची वस्तू. ओंडके लिलावाने विकले जात, त्यांतील पुष्कळसे जर्मनीस जात, तेथे त्यांचे तेल निघे आणि नफाही तेथेच राही. १९१४ चे महायुद्ध पेटले आणि हे गिऱ्हाईक एका दिवसात नाहीसे झाले. तेव्हा विज्ञानसंस्थेतील सडबरो आणि वॉटसन या रसायनशास्त्रज्ञांनी येथेच तेल काढण्याचे प्रयोग केले, आणि १९१६ साली बंगळुरात चंदनतेलाचा कारखाना निघाला. त्या वेळी दिवाणपदी सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या होते. त्यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्याचे आणि उमेदीची नोकरी मुंबई इलाख्यातली. खडकवासल्याच्या धरणावरील स्वयंचलित दारांमुळे महाराष्ट्र त्यांना ओळखतो. सोसले गरळपुरी शास्त्री या तरुण रसायनज्ञाने विलायतेत शिकून येऊन १९१८ साली चंदनतेलाचा साबण सिद्ध केला. हा सरकारी साबण कारखाना १९५७ साली यशवंतपूरच्या औद्योगिक उपनगरात आला आणि आजही तेथेच आहे. ओंडका विकणारे राज्य साबण विकू लागले, या एका वाक्यात प्रदेशाच्या विकासाचे मर्म सामावलेले आहे. कच्चा माल वेशीबाहेर गेला तर त्याचे मोल बाहेर ठरते. तो वेशीच्या आत घडविला गेला तर मजुरी, कसब आणि नफा तिघेही घरी राहतात.

स्वातंत्र्यानंतर हे तत्त्व विस्ताराने आचरणात आले. १९४९ साली चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते ज्या औद्योगिक उपनगराची पायाभरणी झाली, त्याला त्यांच्याच नावावरून राजाजीनगर म्हणतात. यशवंतपुराची हद्द त्याला लागूनच आहे. पलीकडे जालहळ्ळीस १९५३ मध्ये हिंदुस्थान मशीन टूल्स आणि १९५४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्स हे केंद्र सरकारचे कारखाने निघाले. १९७० च्या दशकात पीण्याची औद्योगिक वसाहत उभी राहिली. छोट्या कारखानदारांच्या या वसाहतीची गणना आशियातील मोठ्या वसाहतींत होऊ लागली.

या उद्योगपर्वात मराठी माणसाचा वाटा लहान नव्हता. बेळगावात सायकलींचे दुकान चालविणाऱ्या आणि पुढे लोखंडी नांगर घडविणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानातील माळावर किर्लोस्करवाडी वसविली, ही कथा सर्वश्रुत आहे. त्या कथेचा पुढचा अध्याय याच उत्तर वाटेवर घडला. १९४१ साली हरिहर येथे यंत्रे घडविणारा म्हैसूर किर्लोस्कर हा कारखाना निघाला, आणि १९४६ साली लक्ष्मणरावांचे चिरंजीव रवी किर्लोस्कर यांनी बंगळुरात किर्लोस्कर इलेक्ट्रिक ही विजेच्या मोटारी बनविणारी कंपनी स्थापन केली. तिचा कारखाना यशवंतपुराच्या शेजारीच होता. तीनशे वर्षांपूर्वी ज्या वाटेने शहाजीराजांची फौज महसूल गोळा करण्यासाठी उतरली होती, त्याच वाटेने आता मराठी कारागीर कानिशी आणि मोजपट्टी घेऊन उतरला. दोन्ही आगमनांतला फरक लक्षात घेण्यासारखा आहे. पहिल्याने बंगळूर विकले, दुसऱ्याने बंगळुरात काही घडविले.

आता पेठेकडे वळू. यशवंतपूर म्हटले की आजच्या मराठी शेतकऱ्याला रेल्वेही आठवत नाही आणि साबणही आठवत नाही. त्याला आठवतो कांदा. येथील कृषी उत्पन्न बाजाराचे आवार हे दक्षिणेतील कांदा, बटाटा आणि धान्य यांच्या घाऊक व्यापाराचे एक मोठे केंद्र आहे. अशा नियंत्रित बाजाराची कल्पना मूळची वऱ्हाडातली. १८८६ साली कारंजा येथे देशातील पहिला नियंत्रित कापूसबाजार सुरू झाला आणि १८९७ साली वऱ्हाडासाठी त्याचा कायदा झाला. रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरविण्याची गुप्त रीत बंद व्हावी, माप खरे असावे, लिलाव चारचौघांत व्हावा, एवढाच त्या कायद्याचा साधा हेतू. तोच हेतू घेऊन कर्नाटकाचा बाजार कायदा १९६६ साली आला. कारंजाला उगवलेली कल्पना यशवंतपुराला पोचावयास ऐंशी वर्षे लागली. कांद्याच्या गाडीला आज नाशिकहून यशवंतपुराला पोचावयास दोन दिवसही पुरतात.

ही कांद्याची गाडी हजार किलोमीटर का येते, ते समजून घेतले पाहिजे. महाराष्ट्रात उन्हाळ कांदा मार्च ते मे या काळात निघतो. तो टिकाऊ असतो; नाशिक, अहिल्यानगर, पुणे या जिल्ह्यांतील शेतकरी तो कांदाचाळीत भरून चारपाच महिने राखतो आणि पावसाळाभर थोडाथोडा विकतो. कर्नाटकाचा कांदा मुख्यत्वे पावसाळी. चित्रदुर्ग, गदग, धारवाड, विजापूर या भागांतून तो सप्टेंबरपासून येऊ लागतो. तो टिकत नाही, निघाला की विकावाच लागतो. म्हणजे चाळीतला जुना कांदा संपत येतो आणि शेतातला नवा कांदा सुरू होतो, तो सांधा यशवंतपुराच्या आवारात जुळतो. पाऊस अवेळी आला आणि कर्नाटकाचे पीक कुजले, तर नाशिकच्या चाळीतील कांद्याला सोन्याचा भाव येतो. दोन्ही कांदे एकाच वेळी येऊन थडकले, तर गाडीभाडेही सुटत नाही. लासलगावातला शेतकरी यशवंतपूरचा भाव विचारतो आणि विजापूरकडचा शेतकरी गाडी सोलापुरास लावावी की यशवंतपुरास याचा हिशेब करतो, तो याचमुळे.

या हिशेबात सर्वांत अधिक धोका कोण पत्करतो? गाडीवाल्याचे भाडे ठरलेले असते. अडत्याची अडत ठरलेली असते. हमाली, तोलाई, गोणीची किंमत, सारे ठरलेले असते. ठरलेला नसतो तो एकच, शेतकऱ्याच्या हाती पडणारा भाव. हजार किलोमीटर दूर आलेला नाशवंत माल परत नेता येत नाही, हे लिलावात उभे असलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. मग हिशेबाची पट्टी घरी पोचते तेव्हा कधी ती घर उभारते, कधी मोडते. नियंत्रित बाजाराने माप सुधारले, लिलाव उघडा केला. परंतु ज्याच्याजवळ थांबण्याची ताकद नाही त्याची बाजू कायद्याच्या कलमाने भक्कम होत नाही. ती होते साठवणीने, सहकाराने आणि वाटा मोकळ्या राहिल्याने.

आणि वाटा मोकळ्या राहतातच असे नाही. २०१९ च्या सप्टेंबरात कांद्याचे भाव चढले म्हणून केंद्र सरकारने निर्यात बंद केली. २०२० मध्ये आणि पुन्हा २०२३ च्या डिसेंबरात तसेच घडले. कोलार-चिक्कबळ्ळापूर भागात ‘बंगळूर रोज’ नावाचा लहान, गडद गुलाबी कांदा होतो. त्याला देशात गिऱ्हाईक थोडे. तो मलेशिया-सिंगापुराकडे जातो. बंदीच्या फटक्यात तोही सापडला आणि २०१९ मध्ये त्याला ठराविक प्रमाणात सूट मिळविण्यासाठी रदबदली करावी लागली. शहरातल्या गृहिणीला कांदा परवडावा, हा हेतू वाईट नव्हे. टिपूचा हेतूही त्याच्या दृष्टीने राज्याच्या रक्षणाचाच होता. प्रश्न हेतूचा नसून भार कोणाच्या खांद्यावर पडतो याचा आहे.

पेठेतला दुसरा खांदा हमालाचा. पन्नास किलोची गोणी गाडीतून उतरविणे, तोलणे, रचणे आणि पुन्हा भरणे, या चार क्रिया दिवसातून शेकडो वेळा करणारा माणूस नसेल तर उद्या आवारात एक कांदा हलणार नाही. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने या माणसाला संघटित केले आणि १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कामगारांचा कायदा झाला. भविष्यनिर्वाह निधी आणि रजा या गोष्टी हमालालाही लागतात, ही मान्यता त्या कायद्याने दिली. कारंजाहून बाजाराची कल्पना दक्षिणेस गेली, तशी ही कल्पनाही ज्या ज्या पेठेत गोणी उचलली जाते तेथे पोचावयास हवी.

तिसरा खांदा स्त्रियांचा आहे. गेल्या तीनचार दशकांत पीण्या, यशवंतपूर आणि तुमकूर रस्त्याच्या परिसरात तयार कपड्यांचे अनेक कारखाने निघाले. खेड्यांतून आलेल्या हजारो स्त्रिया तेथे शिलाई यंत्रावर बसतात. २०१६ च्या आरंभी केंद्र सरकारने भविष्यनिर्वाह निधीतील रक्कम काढण्यावर नवे निर्बंध घातले. नोकरी सुटली की हाताशी येणारी तेवढीच पुंजी, तीही अडकणार असे दिसताच १८ व १९ एप्रिल रोजी बंगळूरच्या रस्त्यांवर या स्त्रिया हजारोंच्या संख्येने उतरल्या. रस्ते थांबले, काही ठिकाणी जाळपोळ आणि लाठीमारही झाला. पण दुसऱ्याच दिवशी सरकारने तो नियम मागे घेतला. ज्यांची नावे कोणत्याही कंपनीच्या फलकावर नाहीत, त्यांनी आपल्या श्रमाचा हिशेब देशाला ऐकविला.

आता यशवंतपूर पुन्हा पालटत आहे. १९३६ साली सुरू झालेला म्हैसूर लॅम्प वर्क्स एकविसाव्या शतकाच्या आरंभी बंद पडला. हरिहरचा म्हैसूर किर्लोस्करही त्याच सुमारास थांबला. हिंदुस्थान मशीन टूल्सची घड्याळे निघेनाशी झाली. किर्लोस्कर इलेक्ट्रिकच्या जुन्या जागेवर आज उत्तुंग इमारती, हॉटेल आणि दुकानांचे संकुल उभे आहे. २०१४ च्या मार्च महिन्यात मेट्रो यशवंतपुरास आली आणि जमिनीचे भाव आणखी चढले. २०२० साली करोनाच्या साथीत बाजाराच्या व्यापाराचा काही भाग तुमकूर रस्त्यावर पुढे असलेल्या दासनपुराच्या आवारात हलविण्यात आला, तेव्हा वेस आणखी पुढे सरकण्याची चाहूल लागली. हे क्रमप्राप्तही असेल. शहर वाढले की कारखाने व बाजार बाहेर जातात. मुंबईच्या गिरण्यांचे काय झाले, हे आपण पाहिलेच आहे. तरीही एक गोष्ट विसरता कामा नये. ज्या जमिनीवर मोटार घडविण्यापेक्षा ती जमीन विकणे अधिक फायद्याचे होते, तेथे कमाई आणि कष्ट यांची ताटातूट झालेली असते.

१६८७ साली तीन लाख रुपये मोजणाऱ्या चिक्कदेवरायाने शहाणपणा केला तो पुढे. घेतलेले शहर त्याने ओस पडू दिले नाही; त्याच्या कारकीर्दीत पेठा वाढल्या, विणकर वसले, व्यापार फुलला. म्हणूनच ती खरेदी इतिहासात स्वस्त ठरली. आजचे खरेदीदार राजे नाहीत, आणि यशवंतपुराची किंमत तीन लाखांत मोजण्याचे दिवसही गेले. परंतु कसोटी तीच आहे. ज्या दिवशी नाशिकच्या शेतकऱ्याची पट्टी, आवारातल्या हमालाची मजुरी आणि शिलाई यंत्रावरच्या स्त्रीची पुंजी ही वाढत्या जमिनीच्या भावाबरोबर वाढू लागेल, त्या दिवशी या वेशीवरचा व्यवहार चोख झाला असे म्हणता येईल. तोवर गाड्या येत राहतील, गोण्या उतरत राहतील, आणि हिशेब अपुराच राहील.